सव्वातीन

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना एकच विचारतो, "दुतोंड्याच्या कुठवर आलंय?" गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की फोटो काढायला गर्दी, कमरेला लागलं की टपऱ्या हलवायची घाई. यंदा आमच्या घरात हा प्रश्न कॉम्प्युटरसाठी विचारला जातोय, आणि माझं उत्तर ठरलेलं: सव्वातीन.

त्याचं असं झालं. २००७ सालचा आमचा कॉम्प्युटर एक जीबी मेमरीवर रांगत होता. जुन्या पट्ट्या काढून मी दोन-दोन जीबीच्या दोन डीडीआर २ पट्ट्या बसवल्या. बे दुणे चार. स्क्रीनवर मात्र चार जीबी, आणि कंसात बारीक अक्षरांत वापरण्याजोगी ३.२५.

"अहो, मापात मारलंन् तुम्हाला," बायको म्हणाली. पाऊण जीबी म्हणजे तिला पाऊण किलो वांगीच वाटली असावीत.

मी पट्ट्या उपसल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, चुरा फुंकला, खाचांची अदलाबदल केली. सव्वातीन. एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरून 'मॅक्झिमम मेमरी'वरची खूण काढली. सव्वातीन!

शेवटी सिडकोतून भाचा आला. "मामा, तुमची विंडोज ३२ बिटची. तिच्याकडे मेमरीचे पत्ते मोजून ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबीपुरतेच. त्यातले वरचे ग्राफिक्स आणि इतर पार्टांना राखीव. उरलेल्या मेमरीला पत्ताच नाही."

म्हणजे जुन्या वाड्यातल्या माडीसारखं. खोली आहे, बिऱ्हाड आहे, पण घरनंबर नाही. पोस्टमन ओट्यावरूनच परत.

उपाय म्हणून त्याने ६४ बिटची, जास्त पत्त्यांची विंडोज घातली. त्यात अख्खा रविवार गेला आणि प्रिंटरने मान टाकली, ती कायमची. रिस्टार्ट केलं.

सव्वातीन.

भाचा गप्प. (खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.) मग त्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये, 'मेमरी रिमॅप' शोधलं, ते नव्हतंच. बोर्डावरचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी जोडणारी चिप, निघाला इंटेल ९४५. त्याची स्वतःचीच धाव चार जीबीच्या पत्त्यांपर्यंत, अडकलेली मेमरी त्यापलीकडच्या पत्त्यांवर सरकवायची सोयच नाही. वरती विंडोज कोणतीही बसवा.

काल रात्री मी पुन्हा स्क्रू खोलून बसलो होतो. टेबलावर पट्ट्या, खोडरबर, गार झालेला चहा. बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुठवर आलंय?"

"कमरेला."

"मग टपरी हलवा. ताटं घ्यायचीयत."