आमच्या ऑफिसला मोझॅक

परवा मोंढ्याच्या, म्हणजे आमच्या धान्यबाजाराच्या, गेटासमोर एका जुन्या पार्टीनं मोटारसायकल आडवी घातली आणि दोन हमाल कान टवकारून उभे असताना विचारलं, "वकीलसायेब, तुमच्या हापिसात मोझॅक पडलाय म्हने? मह्यं आधार कार्ड तर नाही ना त्यात गेलं?"

मी वकील नाही. परभणीत जीएसटीची रिटर्नं भरणाऱ्याला वकील म्हणायची पद्धत आहे, एवढंच. आणि माझ्या ऑफिसात मोझॅक, म्हणजे पिकावर पडतो तसला व्हायरस, पडलेला नाही. पण हे मोंढ्यातल्या गाळ्यागाळ्यावर जाऊन कोण सांगणार? त्यात रिटर्न भरायची वीस तारीख तोंडावर.

ऑफिसात सात संगणक आहेत. त्यांत व्यापाऱ्यांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. मध्यंतरी ओळखीच्या एका ऑफिसात सकाळी शटर उघडलं तर टॅलीच्या सगळ्या फायलींना कुलूप आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचं दार त्यांनी थेट इंटरनेटवर उघडं टाकलं होतं. पासवर्ड 'टॅली१२३'. बॅकअप होता, पण त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये, म्हणजे त्यालाही कुलूप. ते बघून आलो आणि ठरवलं, आपण कंपन्या वापरतात तसलं, सगळ्या संगणकांवर एका जागेवरून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं.

घरगुती अँटिव्हायरसचा डबा स्टेशन रोडला मिळतो, त्यावर किंमत छापलेली असते. धंद्यासाठीच्या मालावर किंमत नसते. तिथं 'किंमत विचारा' असं बटण असतं. ते दाबलं की आधी तुमचं नाव, मोबाइल, हुद्दा आणि कर्मचारी किती ते द्यायचं. कर्मचाऱ्यांचा सगळ्यात लहान पर्याय '१ ते १००'. माहिती सुरक्षित ठेवायला निघालेल्या माणसाकडून पहिल्याच पायरीवर सगळी माहिती काढून घ्यायची, हे ज्यानं शोधून काढलं त्याचा मोंढ्यात जाहीर सत्कार करायला हवा. त्यानंतर जे फोन सुरू झाले, ते जेवताना, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला, आणि एकदा तर मी दुसऱ्याच कंपनीच्या फोनवर बोलत असताना.

"सर, तुमच्या सिक्युरिटी टीमशी बोलणं होईल का?"

आमच्या कॉम्प्लेक्सला रात्रीचा एक वॉचमन आहे, तो दहाच्या पुढं येतो, असं मी सांगितलं. "डेफिनेटली सर, कॉल शेड्यूल करते," असं उत्तर आलं.

"आणि एंडपॉइंट, म्हणजे संगणक, किती आहेत सर?"

"सात."

"सातशे?"

"सात."

मग पलीकडं जी शांतता पसरली ती मी लग्न जमवताना मुलाचा पगार सांगितल्यावर ऐकली आहे. "सर, आमचं मिनिमम पंचवीसचं असतं." बाकीच्या अठरांचं मी काय करू? "फ्युचर ग्रोथसाठी ठेवा ना सर."

शेवटी एका कंपनीचा पोरगा संभाजीनगरहून प्रत्यक्ष यायला तयार झाला. टाय लावून आला, बाहेर बेचाळीस डिग्री. आणि नेमके त्याच वेळी आप्पा आले.

आप्पा आमचे अडत्ये. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, पांढरं धोतर, टोपी, आणि टेबलावर ठेवलेला कुठलाही कागद स्वतःचाच आहे असं समजून वाचायची सवय. आले होते नोटिशीचं विचारायला. पण समोर कोणी तरी कोणाला तरी काही तरी विकतंय हे दिसल्यावर मोंढ्यातला माणूस उठून जाईल? खुर्ची ओढून पोराच्या लॅपटॉपसमोर बसले. मला कोपऱ्यात सरकावं लागलं.

पोरानं पहिलाच फोटो लाल पडद्याचा दाखवला. "सर, हा वॉनाक्राय, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. मे २०१७. एका झटक्यात दीडशे देशांत."

मी म्हटलं, त्याचा उपाय मार्च २०१७ मध्येच विंडोजच्या अपडेटमधून आला होता. ज्यांनी अपडेट केलं नाही, ते सापडले.

"करेक्ट सर," तो म्हणाला आणि पुढचा फोटो लावला. हे 'करेक्ट सर' मला पुढं पुन्हा ऐकायचं होतं.

"ह्ये व्हायरस म्हंजी आपला मोझॅकच ना?" आप्पांनी विचारलं.

पोराला कळेना. मी सांगितलं, सोयाबीनवर, मुगावर येतो तो पिवळा मोझॅक. तोही विषाणूच.

"मंग ह्याची पांढरी माशी कोन?"

आता इथं मला कबूल करावं लागेल की आठवडाभर मी जेवढी माहितीपत्रकं वाचली, त्यांत इतका नेमका प्रश्न एकातही नव्हता. मोझॅक एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी. पोरगा म्हणाला, "ई-मेल सर. अटॅचमेंट. पेनड्राइव्ह."

"आन् लागलेलं झाड?"

"आमचं सॉफ्टवेअर त्या मशीनला नेटवर्कमधून आयसोलेट करतं सर."

"म्हंजी उपटून टाकता. बरोबर हाय. मोझॅक आलेल्या झाडाला फवारून झाड बरं व्हत नाई. फवारा माशीवर मारायचा." आप्पा मागं टेकले. "मंग तू इतका येळ विंग्रजीत कामून बोलायलास?"

पोरानं रूमालानं मान पुसली आणि सर्टिफिकेट काढलं. एव्ही-टेस्टचं. ही संस्था जर्मनीतल्या माग्डेबुर्गला आहे, तिथं अँटिव्हायरसची परीक्षा घेतात. जर्मनी म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आमच्याकडं जन्मल्याबरोबर कानात सांगतात. "तिथं पास झाला ना? मंग इथं बी व्हईल," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चहा मागवला. बिल माझ्या खात्यावर.

मग प्रात्यक्षिक. पोरगा म्हणाला, "सर, तुमच्याच मशीनवर दाखवतो. मी आता एक व्हायरस डाउनलोड करतो आणि आमचं प्रॉडक्ट तो कसा पकडतं बघा." आप्पांनी पाय खुर्चीवर घेतले.

तो व्हायरस म्हणजे आयकार चाचणी फाइल. अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ. जगातल्या सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवून टाकलंय की ही दिसली की 'सापडला, सापडला' म्हणून ओरडायचं. तिच्यावरून सॉफ्टवेअर चालू आहे एवढं कळतं, चांगलं आहे का ते कळत नाही. मी हे बोलणार तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात खिडकी उघडली: धोका सापडला, फाइल काढून टाकली.

"बघा सर!"

पण त्याचं सॉफ्टवेअर अजून त्याच्या पेनड्राइव्हमध्येच होतं. ओरडला होता तो विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडर.

आप्पांनी पाय खाली सोडले. "ह्यो कोन?"

"तो बिल्टइन असतो सर. बेसिक."

"पगार?"

"फ्री असतो."

"आन् तुमचा गडी आल्यावर ह्यो काय करतो?"

"आमचं इन्स्टॉल झालं की तो आपोआप बंद होतो."

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. नुसते बघत राहिले. पोराच्या कपाळावरून घाम टायवर ओघळला आणि देवाच्या कृपेनं लाईट गेली. इन्व्हर्टर पंख्यासाठी आहे, वायफायसाठी नाही. अर्धा तास आम्ही तिघं अंधारात चहा पीत बसलो. परभणीत लाईट गेली की कुठल्याही देशाचा हॅकर तुमचं काही वाकडं करू शकत नाही, ही संरक्षणाची सोय वीज कंपनी कित्येक वर्षं विनामूल्य देते आहे.

अंधारात पोरगा कायद्याकडं वळला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश: सायबर घटना लक्षात आली की सहा तासांत कळवायची, लॉग, म्हणजे संगणकातल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे.

"सहा तासात?" आप्पांचा आवाज अंधारातून आला. "आमच्या शेतातला लाईटीचा डीपी जळून आज बारावा दिस हाय. त्येंना कळवायला कोनता नंबर?"

यावर पोराकडं स्लाइड नव्हती. माझ्याकडंही उत्तर नव्हतं. आप्पांनी तो नंबर खरंच हवाय म्हणून अजून दोनदा मागितला.

लाईट आल्यावर त्यानं 'फ्री असेसमेंट' करायचं काढलं. तेवढं नको म्हणायला हवं होतं, पण फुकट शब्दापुढं मराठी माणूस पांगळा असतो. कसलासा प्रोग्रॅम फिरला आणि आमच्याच प्रिंटरवर आमचीच शाई खात चार पानांचा अहवाल निघाला. वरती लाल भडक वर्तुळ: 'क्रिटिकल'. तीन संगणकांवर विंडोज १०, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीची अपडेट थांबलेली. हे मान्य. धडधाकट यंत्रं आहेत, पण विंडोज ११ ला त्यांचा प्रोसेसर जुना पडतो. त्यांचं काहीतरी करायचंच आहे. पण त्याच अहवालात राउटर लाल. प्रिंटरही लाल. आणि एक 'अनोळखी उपकरण' लाल, तो आप्पांच्या नातवानं दिलेला मोबाइल निघाला, आमच्या वायफायला जोडलेला. जोडून कोणी दिला, ते मी अजून शोधतोय.

असल्या कुठल्या तरी तीन ओळी वाचून त्यानं आमचं ऑफिस 'क्रिटिकल' ठरवलं. बॅकअप घेता का, रोज कोणत्या डिस्कवर घेता, ती डिस्क काढून ठेवता का, ऑफिसातल्या पोरापोरींना ॲडमिनचा पासवर्ड दिलाय का, ई-मेलला ओटीपी लावलाय का, यातलं त्यानं काहीही विचारलं नाही. यातलं काहीच विकत मिळत नाही. कमिशन नाही, मग प्रश्न कशाला? जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, तेव्हा आडव्या झालेल्या त्या कंपन्यांकडं सगळी महागातली हत्यारं होती. मी तेही बोललो. "करेक्ट सर," तो म्हणाला, आणि पंचवीस लायसनांचं कोटेशन पुढं सरकवलं.

आप्पांनी कोटेशन घेतलं, उलटं करून बघितलं. "अठरा रिकाम्या पोत्यांचे बी पैसे लावलेत ह्यानं."

जाताना पोरानं भेटवस्तू दिली. पेनड्राइव्ह. थोड्या वेळापूर्वी ज्याला त्यानं पांढरी माशी म्हणून सांगितलं होतं, तीच माशी, कंपनीचं नाव छापून, छोट्या डबीत. आप्पांनी ती हातात घेतली नाही. मला म्हणाले, "तुमीच ठिवा."

पण अहवालाच्या पहिल्या पानाचा, त्या लाल वर्तुळाचा, त्यांनी फोटो काढला होता. संध्याकाळी तो मोंढ्याच्या ग्रुपवर फिरला. खाली आप्पांनी बोलून टाइप केलेलं: 'वकीलसायबाच्या कॉम्प्युटरला मोझॅक. आपआपले कागद बघून घ्या.' त्याखाली नमस्काराचे एकोणीस हात.

आप्पांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. त्यांच्या हिशोबी शेजाऱ्याच्या शेतात रोग दिसला की गावाला सांगायचंच असतं. पण माझी बरीच वर्षांची पत त्या एका लाल वर्तुळानं घालवली. दोन पार्ट्या कागद परत न्यायला आल्या. एकानं तर डिजिटल सहीचं डोंगल मागून घेतलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात, तंबाखूच्या पुडीजवळ ठेवलं. आता सुरक्षित आहे म्हणे.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण रोज कोणी तरी विचारतं. सगळ्यांचे ॲडमिन अधिकार काढले. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या, त्यातली एक कायम सुटी, रात्री माझ्याबरोबर घरी येते. बायकोनं ती दोनदा मोबाइलची बॅटरी समजून चार्जिंगला लावली. मेलला ओटीपी लावला. रिमोट डेस्कटॉप बंदच होता, तो बंद आहे याची खात्री केली. आणि सातही संगणक एका पडद्यावर दिसावेत ही माझी मूळ हौस मला सोडवेना, म्हणून शहरातल्याच एका डीलरकडून सात म्हणजे सातच लायसनं घेतली. त्यानं 'सातशे?' विचारलं नाही, म्हणून मी भावाची घासाघीसही केली नाही. वर अठरा टक्के जीएसटी.

सॉफ्टवेअर ठीक चाललंय. तक्रार त्या अठरा टक्क्यांची आहे. दुसऱ्या महिन्यात माझं जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट दाखवणारं पत्रक, उघडलं तर त्या बिलाचा पत्ता नाही. डीलरनं त्याचं रिटर्नच भरलेलं नाही, म्हणजे माझं क्रेडिट अडकलं. दुसऱ्यांची क्रेडिटं सोडवून पोट भरणाऱ्या माणसाचं क्रेडिट अडकावं, आणि तेही सुरक्षेच्या बिलात! फोन केला.

"सर, काय सांगू, पोर्टलचा पासवर्ड विसरलोय. ओटीपी जुन्या नंबरवर जातो, तो नंबर मेव्हण्याकडं हाय आन् मेव्हन्याचं आमचं बोलणं नाई."

मी काहीच बोललो नाही.

"सर, तुम्हीच रिटर्न भरता ना? मग आमचं बी तुम्हीच घ्या की."

हो म्हटलं, धंदा आहे. मेव्हण्याकडून ओटीपी मीच मिळवला. पासवर्ड बदलून दिला आणि सांगितलं, हा कोणाला पाठवू नका. दहा मिनिटांत व्हॉट्सॲप वाजलं. त्यानं नवा युजरनेम आणि पासवर्ड नीट लिहून, लॅमिनेट करून, फोटो काढून आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'वकीलसाहेब, सेव्ह करून ठेवा.'