हेलन मेगॉ आणि आपल्या सड्यावरचं बॉक्साइट

स्फटिकांची आतली रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांच्यावर मराठीत कुणीतरी लेख लिहिला, फार बरं वाटलं. पण लेखात १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ महोत्सवातल्या स्फटिकनक्षीलाच (स्फटिकांच्या रचनेवरून काढलेल्या नक्षीकामाला) बरीच जागा गेली आणि आम्हा कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा भाग राहून गेला. १९३४ साली त्यांनी गिब्साइटची रचना क्ष-किरणांनी उलगडली. राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवरून (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवरून) ट्रक भरभरून जाणाऱ्या बॉक्साइटमधलं, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात त्या दगडातलं, मुख्य खनिज हेच! तो तांबूस, वाटाण्याएवढ्या गाठींचा दगड हातात घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडा, ओल्या मातीचा वास येतो. आत ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू सहा हायड्रॉक्सिलांच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांच्या) मधोमध बसलेला, असे थरावर थर. हे थर एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, हे मेगॉबाईंच्या कामातून पुढे आलं. आमच्या भागातल्या पोरी भूगर्भशास्त्राला यायला लागल्यात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. पुढे १९८९ मध्ये खनिजशास्त्रातलं मानाचं रोबलिंग पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, तेव्हा वय ८० च्या पुढे! इतका उशीर का, यावरही लेखकाने लिहायला हवं होतं. दुसरा भाग लिहाच, आणि त्यात गिब्साइट नक्की घ्या.