इनामगावच्या केकवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पुरातत्त्वात पीएचडी झालेल्या एका मुलीसाठी मी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या, म्हणजे तिथे सापडलेल्या प्राचीन वस्तीच्या, उत्खननाचा केक केला. त्यावर तुम्ही लिहिलंत: "भांडी गुलाबी, पीठ मैद्याचं, किंमत अव्वाच्या सव्वा. मेलेल्या माणसाच्या हाडांना क्रीम फासून तमाशा मांडलाय. बाई, इतिहासाला हात लावू नका."

भांडी फोटोत गुलाबट दिसतात, मान्य. जोर्वे भांडी, म्हणजे त्या वस्तीतली काळ्या नक्षीची भांडी, लालच हवीत. मैदा आणि किंमत माझं गिऱ्हाईक बघून घेईल.

पण हाडांना क्रीम? फोटो नीट पाहिलात का? इ.स.पू. १६०० ते ७०० या काळाचे तीन थर आहेत: तळाला माळवा संस्कृतीचा, मधे पूर्व (आधीच्या) जोर्वे संस्कृतीचा, वर उत्तर (नंतरच्या) जोर्वेचा. वरच्या थरात चार पायांचा रांजण. इनामगावात पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात असाच रांजण सापडला, आत पाय दुमडून बसवलेला माणूस. माझ्या रांजणाचं तोंड मी मुद्दाम बंद ठेवलं. एकही हाड केलेलं नाही. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा आहे, कारण तिथली माणसं मृताजवळ अशीच भांडी ठेवायची. आपण दहाव्याला पिंड ठेवतोच ना? मग मृताशेजारी अन्न आलं की अपमान, हे कुठलं शास्त्र?

आणि हात लावायचं म्हणाल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इनामगावला घोड नदीकाठी खणायला घेतलं तेव्हा माझे आजोबा तिथे रोजंदारीवर घमेली वाहत होते. खापरावरची माती कशी हलक्या हाताने झाडायची, हे त्यांच्या तोंडून ऐकत मी वाढले. तोटीवरच्या काळ्या तिरक्या रेघा मी सगळ्यात बारीक ब्रशने, मनगट टेबलाला टेकवून ओढल्यात. एक रेघ फिसकटली की अख्खी तोटी पुन्हा वळायची. तमाशा करणारी बाई एवढं करत बसत नाही. तुमच्या घरात कुणाच्या हाताला ती माती लागली असेल, तर जरूर सांगा.

समारंभात केक कापायच्या आधी पोरांनी विचारलं, माणूस बसवून का पुरला? त्या मुलीने तिथेच समजावलं: लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरायचे, हा मात्र मोठ्या घराच्या अंगणात बसलेला, म्हणून गावप्रमुख असावा असा अंदाज. पोरं ऐकत उभी होती, सुरी तशीच हातात.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढचा केक १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेल्या प्राचीन कांस्य रथाचा आहे, बैलजोडी आणि उभ्या सारथ्यासकट. बघवणार नसेल, तर तेव्हा इकडे फिरकू नका.