पत्रे उडाल्यानंतर करावयाचे रसग्रहण

वादळावरची कविता हाती आली की प्रथम तिच्यातले वादळ बाजूला काढून ठेवावे. कवी परभणीकडचा असला, कवितेत रब्बीची ज्वारी आडवी झालेली असली आणि आंब्याचा मोहोर मातीत गेलेला असला, तरी आपण डगमगू नये. ज्वारीचे आडवे होणे ही व्यवस्थेपुढची शरणागती आहे, असे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावे. वारा दार ठोठावतो, एवढ्यावर चेतनगुणोक्ती अलंकार सापडतो आणि निम्मे गुण पदरात पडतात.

खरे कसब शब्दांत आहे. ‘पत्रे उडाले’ ही ओळ घ्या. गोठ्यावरचे पत्रे हा अर्थ कोणालाही कळेल, म्हणून ती न पोहोचलेली प्रेमपत्रे मानावीत. मग क्रियापद ‘उडाली’ असे हवे होते, ही अडचण उरते; तिला कवीने जाणीवपूर्वक केलेला व्याकरणद्रोह म्हणावे. ‘लिंब मोडला’ यात जीवनातला आंबटपणा पाहावा. मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुलिंब, असे कुणी सांगितलेच, तर ‘आंबटपणा’ खोडून ‘कडवटपणा’ लिहावे. बाकीचे वाक्य तसेच चालते. ‘चौदाची गार’ म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपण मात्र तिथे रामाचा वनवास काढावा.

गार फोडली तर आत कांद्यासारखे थर दिसतात, कारण ढगात वर चढणारा वारा तिला खाली पडू देत नाही आणि तिच्यावर बर्फ चढत राहतो. रसग्रहणही याच रीतीने वाढते. जेवढा वारा, तेवढे थर. शिवाय तलाठ्याच्या पंचनाम्यात पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के भरावे लागते, तशी अट इथे नाही. एका गारेवर दोन पाने लिहिता येतात.

कार्यक्रमाला स्वतः कवी आला असेल आणि ‘साहेब, पत्रे शेजारच्या वावरात सापडले’ असे म्हणू लागला, तर कवितेचा अर्थ लेखकाला विचारायचा नसतो असे सांगणारा ‘लेखकाच्या मृत्यूचा’ सिद्धान्त १९६७ सालीच मांडला गेला आहे, हे त्याला नम्रपणे सांगावे. तेवढ्यात बाहेर आभाळ भरून आले आणि कडबा झाकायचा राहिला म्हणून तो घाईने उठला, तर त्याला अडवू नये. वाक्य तेवढे टिपून घ्यावे. ‘झाकणे’ या क्रियापदात पुष्कळ वाव आहे.