प्रतिक्रियेला उत्तर: देणगीतून पगारच कशाला?

बाब, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोगांवर संशोधन करणं सरकारचं काम, आणि धर्मादाय संस्थांना दिलेला निम्मा पैसा पगारातच जिरतो. निम्मा जातो हे मान्य, कधी त्याहूनही जास्त. 'जिरतो' मात्र नाही.

आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचंच घ्या. २०१५ मध्ये काजूच्या बागायतींत राबणाऱ्यांना माकडताप झाला. विषाणू कुठला, हे मुळापासून शोधावं लागलं नाही. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, तेव्हाच पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधून काढला होता. हे केंद्र १९५२ सालचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेलं. म्हणजे पहिलं माकड पडायच्या पाच वर्षं आधीपासून तिथली माणसं पगार घेत होती. रोग आल्यावर माणसं शोधायला निघालो असतो तर?

पैसा खरा वाया जातो तो यंत्रांत. नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर दिला की त्यावर नावाची पाटी लागते, म्हणून देणारे पुष्कळ. वीजबिल, जनरेटर, दरवर्षीचा देखभाल करार आणि रात्री अलार्म वाजल्यावर धावणारा तंत्रज्ञ यांचे पैसे कोणी देत नाही. पावसात वीज गेली की नमुने वितळतात आणि दोन-तीन वर्षांचं काम संपतं. दुसरी गळती मुदतीची. अनुदान तीन वर्षांचं, पण माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी येईपर्यंत काही महिने गेलेले असतात. शेवटच्या वर्षी हाताखालचा संशोधक कायमची नोकरी बघून निघून जातो, नेमका निष्कर्ष लिहायच्या वेळी.

याहून टोचणारा आक्षेप तुम्ही घ्यायला हवा होता. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या अमेरिकन संस्थेने एका कंपनीच्या औषधशोधाला पैसा पुरवला. २०१२ मध्ये औषध मंजूर झालं, २०१४ मध्ये संस्थेने आपली रॉयल्टी, म्हणजे औषधाच्या विक्रीतला हिस्सा, ३.३ अब्ज डॉलरला विकली, आणि औषधाची किंमत मात्र वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात. देणगीदारांच्या पैशातून निघालेलं औषध इतकं महाग का? करारातच किमतीची अट घालायला हवी होती, असं आमचं मत.

तेव्हा देणगी देण्याआधी संस्थेला पगाराचा आकडा नका विचारू. प्रस्ताव बाहेरचे तज्ज्ञ तपासतात का, पुढचा हप्ता कामाचा अहवाल बघून सुटतो का, आणि फसलेले प्रयोगही जाहीर होतात का, हे विचारा. शिवाय रोखीने २००० रुपयांवर दिलेत तर करसवलत मिळत नाही; नवी करप्रणाली निवडली असेल तर चेकने देऊनही नाही.