गाझात रॉक बँड आहे म्हणून वेढा खोटा?

एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक घरचाच. मजकूर थोडक्यात असा: गाझात म्हणे रॉक बँड आहेत, इलेक्ट्रिक गिटार आहेत, कॉन्सर्ट होतात, म्हणजे वीजही आहे आणि पैसाही आहे, मग इस्रायलचा वेढा, म्हणजे माल-माणसं आत-बाहेर नेण्यावरचे निर्बंध, ते कसले. आणि तिथे संगीत हराम, मग हे बँड परदेशी देणगीदारांना दाखवायलाच उभे केलेले असणार, इंग्रजीत गातात हाच पुरावा, रॉक त्यांचं नाहीच. वर शेवटी, कलाकारांनी राजकारणात पडू नये.

मी कॉलेजात चार वर्षं बास वाजवलाय आणि तिकडची गाणी बरीच वर्षं ऐकतोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

गाझातला रॉक बँड म्हटलं की पहिलं नाव येतं ते ऑस्प्रे व्हीचं. 2015 मधे सुरू झाला, राजी अल-जारू गातो, ऑस्प्रे म्हणजे मासे पकडणारा एक शिकारी पक्षी. आता हा बँड ज्या शहरात उभा राहिला तिथली वीज बघा. गाझात वीज बनवणारा एकच प्लांट, त्याच्यावर जून 2006 मधे इस्रायलने बॉम्ब टाकले, पुढे डिझेल कधी मिळतं कधी नाही, आणि 2017 च्या उन्हाळ्यात तर दिवसाला चारेक तास वीज येत होती. आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही प्रॅक्टिस करायचो तेव्हा लाइट गेली की अ‍ॅम्प बंद, ड्रमर एकटा बडवत बसायचा, पण ती दोन-चार तासांनी परत यायची आणि बाहेर कोणी बॉम्ब टाकत नव्हतं. गाझात इन्व्हर्टर, बॅटरी, जनरेटर हे घरोघरी होते ते चैन म्हणून नाही. गिटार वाजली म्हणजे वीज होती एवढंच सिद्ध होतं, किती वेळ होती आणि कशावर चालवली ते फोटोत दिसत नाही.

आणि वाद्यं. हे फारच कमी लोकांना माहितीये म्हणून जरा थांबून सांगतो. 2007 ला वेढा सुरू झाल्यावर गाझात काय आत जाऊ द्यायचं याचे नियम इस्रायल ठरवत होतं, आणि गिशा नावाच्या इस्रायली मानवाधिकार संस्थेने 2010 मधे जी यादी लावली त्यात आत न जाऊ देण्याच्या वस्तूंमधे धणे, आलं, जॅम यांच्याबरोबर वाद्यंही होती. हो, वाद्यं! 31 मे 2010 ला गाझाकडे मदत घेऊन येणाऱ्या जहाजांवर इस्रायलने कारवाई केली, जगभर आरडाओरड झाली, त्यानंतर कुठे हे नियम सैल झाले. म्हणजे पाच वर्षांनी या मुलांनी बँड काढला तेव्हा शहरात वाद्यं सहज मिळतात अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे फॉरवर्डवाल्यांनी फोटोतल्या गिटारकडे बोट दाखवून वेढा नाही म्हणणं मला पटूच शकत नाही, त्याच गिटारमागे वेढ्याचा इतिहास आहे.

"कॉन्सर्ट होतात" हे तर आणखीच. कुठे होतात? गाझा शहरात सईद अल-मिशाल नावाचं सांस्कृतिक केंद्र होतं, थिएटरवालं, नाटक-गाणं-नाच सगळं तिथे. 9 ऑगस्ट 2018 ला हवाई हल्ल्यात ती इमारत जमीनदोस्त झाली. इस्रायलचं म्हणणं होतं की हमास, म्हणजे गाझात सत्तेवर असलेली संघटना, ती वापरत होती, कलाकारांनी ते नाकारलं. नंतर काही जणांनी त्याच ढिगाऱ्यावर उभं राहून वाजवलं. कोणी म्हणेल हे फोटोसाठी. असेल, पण हॉल राहिलाच नव्हता.

आता हरामचा मुद्दा, यात थोडं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. हमासच्या राज्यात कार्यक्रमाला परवानगी लागायची, बाया-पुरुष एकत्र असतील तर कटकट, 2010 मधे हिप-हॉपचा एक शो पोलिसांनी मधेच बंद पाडला. पण सरकारला आवडत नाही आणि लोकांना नको आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. गाझातल्या खान युनिसमधे वाढलेला गायक मोहम्मद अस्साफ जून 2013 मधे अरब आयडॉल ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकला त्या रात्री गाझाचे रस्ते माणसांनी भरून गेले होते, लोक नाचत होते. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांच्या नावाच्या संगीत विद्यालयाची शाखा 2012 पासून गाझात होती, मुलं ऊद (अरबी तंतुवाद्य), व्हायोलिन शिकत होती. म्हणजे या बँडवाल्यांना दोन्ही बाजूंनी अडचण, वरून विमानं आणि खाली परवानगी. तरी वाजवतात तर त्याला दिखावा कसं म्हणायचं?

"रॉक त्यांचं नाहीच" हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. अरे, युरोपातलं ल्यूट नावाचं वाद्य, त्याचं नावच अरबी अल-ऊदवरून आलंय. अमेरिकेत सर्फ रॉकची ती भन्नाट वेगवान गिटार डिक डेलने गाजवली, त्याचे वडील लेबनीज. आणि पॅलेस्टिनी लोकांचं म्हणाल तर सबरीन हा ग्रुप पूर्व जेरुसलेममधे 1980 ला सुरू झाला, कमिल्या जुब्रान गायची, ऊद आणि नवी मांडणी एकत्र. इस्रायलमधल्या अक्का शहरातला पॅलेस्टिनी मेटल बँड 1998 चा, नाव खलास. आपल्या मराठीत खलास आला तो याच अरबी शब्दावरून, तिकडे अर्थ "बस, पुरे झालं". हे लोक अरबी सुरावटी हेवी गिटारवर वाजवतात आणि ते सोपं नाहीये, बयाती, रास्त यांसारख्या मकामांत (आपल्या रागांसारख्या अरबी सुरावटींत) पाव सुर, म्हणजे दोन शेजारच्या सुरांच्या मधले सुर, लागतात आणि गिटारच्या पडद्यांत ते बसतच नाहीत, तार ओढून काढावे लागतात. नुसती नक्कल करणारा माणूस एवढा त्रास घेत नाही. 2013 मधे खलासने ऑर्फन्ड लँड या इस्रायली मेटल बँडबरोबर युरोप टूर केली, एकाच बसमधून. ऑस्प्रे व्ही इंग्रजीत गातात कारण बाहेरच्यांना कळावं, यात लपवण्यासारखं काय आहे? आपलं म्हणणं जगाला कळावं असं वाटणं हा देणगी घेतल्याचा पुरावा होत नाही.

राहिला राजकारणाचा मुद्दा. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमधल्या नोव्हा संगीत फेस्टिव्हलमधे साडेतीनशेहून जास्त माणसं मारली गेली, तीही गाणं ऐकायलाच आली होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण दुःख आहे आणि गाझातल्या बँडची बाजू घेताना ते कमी करायची मला काही गरज वाटत नाही. पण "राजकारणात पडू नका" हे सांगायचं कोणाला, ज्याच्या डोक्यावर दिवसरात्र ड्रोन फिरतंय त्याला? गाझात त्या ड्रोनला झनाना म्हणतात, त्या घरघरीवरून. वर सांगितलेल्या एडवर्ड सईद संगीत विद्यालयातले शिक्षक अहमद अबू अमशा तंबूत राहणाऱ्या मुलांना गाणं शिकवतात, आणि 2025 मधे त्यांचा एक व्हिडिओ आला होता, मुलं झनानाच्या आवाजाला सुर धरून गातायत, आपण तानपुऱ्याचा सा धरतो ना तसा. मुलांना तो आवाज बंद करता येत नव्हता, म्हणून त्यालाच सा मानलं.