भिगवण आहे म्हणून ठाणे खाडी सोडायची?

गेल्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, मग आणखी तीन ग्रुपांवर तोच. मजकूर थोडक्यात असा : फ्लेमिंगो आपल्या भिगवणला येतातच, मग ठाणे खाडीत अभयारण्य कशाला? खारफुटी म्हणजे चिखल आणि डास. तोडलेली झाडं दुसरीकडे दुप्पट लावता येतात. शिवाय अशा अभयारण्यांनी कोळ्यांच्या पोटावर पाय येतो.

भिगवणचा मुद्दा आधी घेते, कारण तो आपल्या पुणेकरांना चटकन पटतो. मी पंधरा वर्षं भिगवणजवळच्या कुंभारगावला पक्षी बघायला जाते. तिथे दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो). ठाणे खाडीत बहुसंख्येने असतो तो छोटा रोहित. दोघेही मान वाकवून, चोच उलटी धरून पाणी गाळतात, पण चोचीतली जाळी निराळी. मोठ्याची जाडसर, तिच्यात अळ्या, कवचवाले बारीक जीव अडकतात. छोट्याची इतकी बारीक की डोळ्यांना न दिसणारं शेवाळ त्यात राहतं. रव्याच्या चाळणीने मैदा चाळता येत नाही, तसंच हे. त्यामुळे एकाचं ताट दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आणि भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. धरण तुडुंब असताना रोहिताला उभं राहायला उथळ जागाच नसते. पाणी ओसरून काठ उघडे पडले की पक्षी उतरतात. पाणी उशिरा हटलं, तर आम्हीही रिकाम्या हाताने परतलोय. खाडीत मात्र ओहोटी रोज दोनदा येते आणि चिखलाचं ताट दोनदा मांडलं जातं. म्हणून हजारोंचे थवे महिनोन्महिने तिथे राहू शकतात. सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा. भिगवण मला जिवापाड प्रिय आहे, पण ते खाडीची जागा घेऊ शकत नाही.

डास असतात, कबूल. पण त्याच चिखलात तिवर, चिप्पी, कांदळ ही खारफुटीची झाडं मुळं रोवून उभी असतात, आणि कोळंबीची, चिंबोऱ्यांची, कितीतरी माशांची पिल्लं त्या मुळांच्या आडोशाला वाढतात. बाजारात जी कोळंबी आपण घासाघीस करून घेतो, तिचं बालपण बऱ्याचदा अशा खाडीत गेलेलं असतं.

‘दुसरीकडे दुप्पट लावू’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. खारफुटी भरतीच्या पाण्यावर जगते, डोंगरउतारावर लावलेल्या रोपांशी तिचा हिशेब जुळत नाही. किनाऱ्यावरच लावायची म्हटलं तर रिकामा दिसतो तो उघडा चिखल. तिथे तुतवार, चिखल्या, पाणटिवळे असे किनारी पक्षी चरतात. त्यांतले कितीतरी थेट उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून आलेले असतात. त्यावर झाडं लावली की त्यांचं ताटच झाकलं जातं. म्हणजे एक अधिवास तोडायचा आणि भरपाई म्हणून दुसरा बुजवायचा! मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, तो उगाच नाही.

कोळ्यांचा मुद्दा मात्र खोटा म्हणून उडवून लावता येणार नाही. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात अभयारण्य झालं, तेव्हापासून मासेमारीवर गदा येईल या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला आणि त्यांची बाजू ऐकलीच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून खाडी भरावाखाली घालायची असेल, तर मासे राहणार कुठे? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला दुसरी वाट दिसते. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी जपली. पूर्वी अंडी कुत्री, कोल्ही आणि माणसंही पळवायची. आता गावातलीच माणसं पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात, अंडी कुंपणाआड पुरतात, आणि मार्चमध्ये पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा बघायला आलेले कितीतरी पुणेकर रात्री त्यांच्याच घरी जेवतात.